नाव कापण्याआधी उसाच्या फडापर्यंत या

मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य,
आणि आपल्यामार्फत भारत निवडणूक आयोगाला,

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातला. आईवडलांनी आयुष्यभर ऊस तोडला, मी बारावीनंतर तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान टाकलं, त्यामुळे मतदार नोंदणीचे फॉर्म ६ (नाव घालायचा), ७ (नाव वगळायचा), ८ (दुरुस्तीचा) हे माझ्या रोजच्या हातातले कागद आहेत. हे पत्र कुठल्या पक्षाच्या वतीने नाही. मतदाराची ओळख कशी तपासायची यावर सगळीकडे वाद चाललाय, मोर्चे निघाले, कोर्टात तारखा पडल्या, आणि त्या सगळ्या बोलण्यात वर्षातले पाच-सहा महिने गावाबाहेर राबणाऱ्या माणसाची आठवण कुणाला होत नाही म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो, ओळख तपासायला माझा अजिबात विरोध नाही. वारलेल्या माणसाचं मत सकाळी दहाच्या आत पडून गेलेलं असतं ही गोष्ट खेड्यातल्या कुणालाच नवी नाही. १९९३ मध्ये तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांनी फोटोवालं ओळखपत्र पाहिजेच असा आग्रह धरला तो बरोबरच होता, कारण ज्याच्या नावावर दुसराच कुणी बटण दाबून जातो तो बहुतेक वेळा गरीबच असतो, बंगल्यातल्या माणसाचं मत चोरायची कुणाची हिंमत होत नाही. आणि धोका आजही आहे, २०२४ च्या विधानसभेआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात हजारो खोटे ऑनलाइन अर्ज आले, ते पकडले गेले आणि पोलिसात गुन्हा दाखल झाला. तेव्हा यादी स्वच्छ हवी, यावर आमचं दुमत नाही.

मतदानाच्या दिवशी बूथवर जी व्यवस्था आहे तीसुद्धा मला बऱ्यापैकी माणुसकीची वाटते. एपिक कार्ड, म्हणजे आयोगाचं मतदार ओळखपत्र, नसलं तरी आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटोवालं पासबुक, पॅन, लायसन, पेन्शनचा कागद, दिव्यांगांचं कार्ड असे १२ पर्याय दिलेत. रेशनकार्ड त्यात नाही, आणि म्हाताऱ्या बाया नेमकं तेच पिशवीत घालून आणतात. २०१९ पासून नुसती मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही हेही अजून पुष्कळांना माहीत नसतं, त्यामुळे काहीजणांना परत घरी जाऊन यावं लागतं, पण घर गावातच असल्यामुळे काम भागतं. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. एखाद्या पोलिंग एजंटला माझ्यावर शंका आली तर त्याला आधी २ रुपये भरून आक्षेप घ्यावा लागतो आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करून निकाल देतो. रक्कम आज काहीच नाही, पण त्यामागचा विचार बघा, शंका ज्याला आली त्याने पुढे यायचं. माझ्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल तरी मला प्रदत्त मत, म्हणजे वेगळ्या कागदी मतपत्रिकेवर मत, द्यायचा हक्क आहे, मला हाकलून लावता येत नाही.

मग हाच विचार मतदार यादीच्या वेळी कुठे जातो साहेब? कारण आमची खरी अडचण तिथे होते. यादीत नाव नसेल तर एपिक कार्डाचा काही उपयोग नाही, माझ्या दुकानात दर निवडणुकीला लोक लॅमिनेशन केलेलं कार्ड हातात घेऊन येतात, मी ऑनलाइन शोधतो आणि नाव सापडत नाही, मग मला त्यांना सांगावं लागतं की दादा कार्ड आहे पण नाव उडालंय. का उडालं, कुणी अर्ज केला, नोटीस कधी निघाली, यातलं काहीही त्यांना माहीत नसतं. माहीत होणार कसं, नोटीस आली तेव्हा घराला कुलूप होतं.

आमच्याकडचं वर्ष कसं चालतं ते थोडं सांगतो, म्हणजे वेळापत्रकाचा मुद्दा लक्षात येईल. पावसाळ्यात मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, दिवाळी झाली की ट्रक, ट्रॅक्टर भरतात आणि बीड, अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगाव भाग, जालना, परभणी, धाराशिव इकडची माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि थेट कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत जातात. नवराबायको मिळून एक कोयता. फडाच्या कडेला कोपी (झोपडी) घालायची, पहाटे उठून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, ते मार्च-एप्रिलपर्यंत. एक दिवस काम बुडालं तर तो खाडा, खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो, कुठे ५०० तर कुठे त्याहून जास्त. गावात मागे राहतात ती थकलेली म्हातारी माणसं आणि शाळा सुटू नये म्हणून त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं.

आता आयोगाचं वार्षिक पुनरीक्षण, म्हणजे मतदार यादीची दरवर्षीची तपासणी, बघा. २०२३ साठीची प्रारूप (कच्ची) यादी ९ नोव्हेंबर २०२२ ला लागली, हरकती ८ डिसेंबरपर्यंत, अंतिम यादी ५ जानेवारी २०२३ ला. पुढच्या वर्षी प्रारूप यादी २७ ऑक्टोबर २०२३ ला. म्हणजे दिवाळीला गाड्या भरायच्या आणि मागे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी चिकटवायची, हरकतीची मुदत संपेपर्यंत माणूस चारशे किलोमीटरवर फडात. बीएलओंच्या (मतदान केंद्रनिहाय यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या) घरोघर भेटी पावसाळ्यात झाल्या तर आम्ही घरी असतो, ते चांगलंच आहे, पण नाव राहिलं की गेलं हे ज्या महिन्यात कळतं त्या महिन्यात आम्ही नसतो. १ जानेवारी ही पात्रता तारीख, म्हणजे ज्या दिवशी १८ वर्षं पूर्ण हवीत ती, कायद्यात कधीची आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०२१ च्या दुरुस्तीने एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या आणखी तीन पात्रता तारखा आल्या ना, मग आमच्यासारख्या तालुक्यांसाठी जुलैची तारीख धरून मे ते ऑगस्टमध्ये सगळी पडताळणी, हरकती, सुनावणी का होऊ शकत नाही? तेव्हा माणूस घरी सापडतो, शेजारी सापडतो, साक्षीला सरपंचही सापडतो.

कायदा तर आमच्या बाजूनेच बोलतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम २० मध्ये लिहिलंय की आपल्या नेहमीच्या राहत्या ठिकाणापासून तात्पुरता दूर गेला एवढ्यावरून माणसाचं तिथलं रहिवासीपण संपत नाही. ऊसतोडीला गेलेल्याचं याहून चांगलं वर्णन कुठे सापडणार! तरी शेरा पडतो 'स्थलांतरित'. परत येणारा आणि कायमचा गेलेला, दोघांना एकच शब्द वापरला की पुढचं सगळं चुकत जातं. बीएलओंना मी दोष देत नाही, बहुतेक ठिकाणी ते जिल्हा परिषदेचे शिक्षक किंवा अंगणवाडी ताई असतात, स्वतःचं काम सांभाळून हे करतात, आणि दाराला कुलूप दिसल्यावर त्यांनी करायचं तरी काय.

बिहारमध्ये २०२५ ला विशेष सखोल पुनरीक्षण झालं त्याच्याकडे मी याच नजरेने बघतो. २४ जूनला आदेश, सुमारे ७.८९ कोटी मतदार, १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७.२४ कोटी. ६५ लाख नावं नाहीत. त्यात आयोगाच्याच आकड्यांप्रमाणे साधारण २२ लाख मयत, ७ लाख दुबार, आणि ३६ लाख 'कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत'. मयत आणि दुबार नावं काढलीच पाहिजेत, त्यावर कोण भांडेल. पण त्या ३६ लाखांत पंजाबात भातलावणीला गेलेला, सुरतच्या लूमवर बसलेला, आपल्याच पुण्या-मुंबईत स्लॅब टाकणारा माणूस किती होता आणि खरोखर बाहेर स्थायिक झालेला किती, हे कळायला बीएलओने तीन चकरा मारणं पुरेसं आहे का? नावं आणि ती का वगळली याची कारणं जाहीर करा असं सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला सांगावं लागलं. आधीपासून सगळ्यांसमोर ठेवायची ही गोष्ट होती, ती कोर्टाने सांगेपर्यंत थांबायला नको होतं.

आणि कागदांची यादी. सुरुवातीला ११ कागद सांगितले, त्यात पासपोर्ट, जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट, जातीचा दाखला, वनहक्काचा दाखला असं होतं, आधार नव्हतं, रेशनकार्ड नव्हतं आणि आयोगाने स्वतः दिलेलं एपिक कार्डसुद्धा नव्हतं. ८ सप्टेंबरला कोर्टाने आधार हा बारावा कागद म्हणून घ्या, ओळखीसाठी, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नाही, असं सांगितलं तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. आता ती अकरा कागदांची यादी घेऊन आमच्या वस्तीवर या. पासपोर्ट कुणाकडे नाही. जन्म फडात झाला, तोही दुसऱ्या जिल्ह्यात नाहीतर दुसऱ्या राज्यात, नोंद कुठल्या ग्रामपंचायतीत करायची हे आईलाच माहीत नव्हतं. दहावीपर्यंत शाळा टिकली असती तर कोयता हातात आला नसता. जातीच्या दाखल्याला विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि ज्या वैदू, मसणजोगी कुटुंबांना तेव्हा गावाच्या शिवेतसुद्धा राहू देत नव्हते ते १९६१ चा कागद आणतील कुठून? असे लोक माझ्या दुकानात बसून मला विचारतात की बाबा आम्ही कुणाचे मग, आणि मला खरंच उत्तर देता येत नाही.

हे आपल्याला नवीन नाही साहेब. मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांमधल्या मतदारांना नव्वदच्या दशकात अशाच नोटिसा गेल्या होत्या, नागरिकत्व सिद्ध करा आणि तेही मोजक्याच कागदांनी. लाल बाबू हुसेन खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधीच्या यादीत ज्याचं नाव आहे त्याचं नाव रीतसर चौकशी करूनच घातलं होतं असं धरा, त्याला नीट संधी द्या, त्याच्याकडे जो पुरावा असेल तो बघा. बूथवरच्या २ रुपयांमागे जो विचार आहे तोच हा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की एकदा नोंदवलेल्या मतदाराला पुन्हा पुन्हा उभं करून तू आहेस हे सिद्ध कर म्हणू नका, तो नाही असं ज्याला वाटतं त्याने जाऊन बघावं. त्याच्या घरापर्यंत, आणि घराला कुलूप असेल तर तो जिथे राबतोय तिथपर्यंत.

फॉर्म ७ बद्दल तर फार कळकळीने सांगतो. कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात, आपल्या उमरगा-अक्कलकोटला लागून आहे तो, २०२३ च्या निवडणुकीआधी नाव वगळण्याचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते. तपासल्यावर खरे निघाले २४. तिथे कुणीतरी लक्ष दिलं म्हणून नावं वाचली. असा अर्ज एखाद्या ऊसतोड कामगाराच्या नावावर डिसेंबरमध्ये पडला तर? नोटीस बंद दारावर, सुनावणीला कुणी हजर नाही, अर्ज मंजूर. म्हणून नाव कापायच्या अर्जावर निदान मोबाईलवर मराठीत मेसेज, घरी मागे असलेल्या माणसाची सही आणि माणूस परत यायच्या हंगामापर्यंत स्थगिती, एवढं तरी करा.

बायकांचं वेगळं सांगावं लागेल. मुकादमाचा करार नवऱ्याशी होतो, कोयत्यात बाईचं काम अर्ध्याहून जास्त पण कागदावर तिचं नाव कुठेच नाही. आधारवर माहेरचं नाव, पासबुकात सासरचं, यादीत तिसरंच काहीतरी, आणि लग्न चौदा-पंधराव्या वर्षी झालेलं असलं की वयाचाही गोंधळ. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली होती कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगितलं होतं. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा नियम कडक होता पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांना नावं सांगायला तयार करायचं कामही यंत्रणेनेच केलं. आज अर्ध्या शब्दाच्या फरकासाठी अर्ज रिजेक्ट होतो आणि तो पुन्हा भरायला त्या बाईची एका दिवसाची मजुरी जाते, तर हे काम तिचं का, यंत्रणेचं का नाही?

आता समजा नाव यादीत आहे, कार्डही आहे. तरी मत कसं द्यायचं? विधानसभेचं मतदान २००९ ला १३ ऑक्टोबर, २०१४ ला १५ ऑक्टोबर, २०१९ ला २१ ऑक्टोबर असं झालं, तेव्हा आमची बहुतेक माणसं गावात होती. २०२४ ला मात्र गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला ठरला आणि मतदान २० नोव्हेंबरला. जिल्हा परिषदेचं तर २०१७ ला १६ आणि २१ फेब्रुवारीला झालं, ग्रामपंचायतींचं १५ जानेवारी २०२१ ला, भर हंगामात. (त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो हे मला माहीत आहे, पण यादी आपलीच वापरली जाते आणि मतदारही तोच आहे.) लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३५ब प्रमाणे मतदानाची भरपगारी सुट्टी आहे, रोजंदारीवाल्यालाही आहे. पण फडातून निघून गावी येऊन परत जायला दोन दिवस आणि दोघांचं भाडं, वर खाड्याचा दंड. मग होतं काय, उमेदवारच टेम्पो आणि जीप पाठवतो. फुकट गाडीने मतदार आणणं हा कायद्याने भ्रष्टाचार आहे, पण ज्याला मत द्यायची इच्छा आहे त्याला घरी यायचा दुसरा रस्ताच ठेवला नाही तर तो त्या गाडीत बसणारच, आणि गाडीत बसला की मत कुणाला हेही ठरून जातं. चुरशीच्या ग्रामपंचायतीला गाड्या येतात, बाकी निवडणुकांना येत नाहीत. आमचं मत कुणाच्या डिझेलवर अवलंबून असावं हे मला सहन होत नाही.

मार्ग नाही असं कृपा करून म्हणू नका. काश्मीरमधून विस्थापित झालेले पंडित जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रांवर आपापल्या मूळ मतदारसंघासाठी मत देतात. मिझोरममधून विस्थापित झालेल्या ब्रू आदिवासींनी त्रिपुरातल्या छावण्यांमध्ये राहून मिझोरमसाठी मतदान केलंय. सैनिकांना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मतपत्रिका जाते. २०२४ ला ८५ च्या पुढच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांचं मत घ्यायला कर्मचारी घरी गेले, माझ्या गावात आले होते, मी पाहिलंय, फार चांगलं वाटलं. परदेशात असलेल्या भारतीयांना प्रतिनिधीमार्फत मत देता यावं म्हणून २०१८ मध्ये लोकसभेने विधेयकसुद्धा मंजूर केलं, ते पुढे बारगळलं ही गोष्ट वेगळी. दुबईतल्या माणसासाठी एवढा विचार होतो याचं मला वाईट वाटत नाही, त्यालाही मत मिळावं. पण बीडहून कोल्हापूरला, त्याच राज्यात गेलेल्या माणसासाठी आजही काहीच नाही. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये रिमोट व्होटिंग मशीनची कल्पना मांडली, एका मशीनवर ७२ मतदारसंघ चालतील असं सांगितलं, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या आणि विषय थंड पडला. शंका असतील तर मशीन बाजूला ठेवा, कागदाची मतपत्रिका तर आहे.

ऊसतोड कामगार कुठे आहे हे सरकारला माहीत नसतं असंही नाही. कोणत्या कारखान्याला किती टोळ्या हे कारखान्याकडे लिहिलेलं असतं, पुण्यात साखर आयुक्तालय आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे आणि ग्रामसेवकामार्फत कामगारांना ओळखपत्रंही दिली गेलीत. कारखान्याच्या आवारात एक टपाली मतदान केंद्र, आधी नावं नोंदवून घेतलेली, सगळ्या पक्षांचे एजंट समोर, मुकादमाला आत यायला बंदी, एवढं एका हंगामात चार-पाच कारखान्यांवर करून बघा. कायद्यात किंवा नियमात बदल लागत असेल तर तसा प्रस्ताव आयोगाने केंद्राकडे पाठवावा. बेघर माणसासाठी तुमच्याच सूचना आहेत की पत्त्याचा कागद मागू नका, बीएलओने रात्री जाऊन तो तिथे झोपतो का ते बघावं. जो आयोग रात्री फुटपाथवर माणूस शोधायला जाऊ शकतो त्याला उसाच्या फडातली कोपी लांब नाही. नंदुरबारहून सुरतेकडे जाणारे, मेळघाटातून बाहेर पडणारे, पालघरच्या पाड्यांवरून वीटभट्टीला जाणारे, यांनाही हेच लागू होईल, मी ऊसतोडीचं लिहिलं कारण ते मी जगलोय.

बिहारनंतर २७ ऑक्टोबर २०२५ ला दुसऱ्या टप्प्यात १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश घेतले, त्यात आपलं शेजारचं गोवा आहे. आपल्या राज्यात यादीची जी जी तपासणी होईल तिच्यात वर लिहिलेल्या गोष्टी धराव्यात एवढी विनंती. कापायच्या नावांची गाववार यादी कारणासकट ग्रामपंचायतीत आणि कारखान्याच्या ऑफिसातही लागावी, 'स्थलांतरित' शेरा मारताना हंगामी की कायमचा हे लिहिणं सक्तीचं असावं, आणि पुढच्या पुनरीक्षणाचं वेळापत्रक काढण्याआधी साखर आयुक्तांकडून गाळप हंगामाच्या तारखा मागवून घ्याव्यात. या शेवटच्या गोष्टीला कायदा बदलावा लागत नाही, पैसा लागत नाही, मुंबईहून पुण्याला एक पत्र पाठवलं की झालं, आणि ते याच महिन्यात होऊ शकतं.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक मतदार